मार खाणारी व्यक्ती दृश्य चालवते : एका विद्यार्थी अ‍ॅक्शनपटाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट

पदविकेच्या शेवटच्या सत्रातला प्रकल्प म्हणून नऊ मिनिटांचा अ‍ॅक्शनपट करायचा आणि त्याची मध्यवर्ती भूमिका स्त्रीची ठेवायची, हे आज आमच्या गटात नक्की झाले. गटात आम्ही अकरा जण आहोत. पटकथा आणि दिग्दर्शन माझ्याकडे असल्यामुळे या नोंदीही मीच ठेवणार आहे. हाताशी एक कॅमेरा, तीन भिंगे, सहा दिवे, एक रिकामी चार मजली इमारत आणि चित्रीकरणाचे चार दिवस आहेत. हवेत उडवणाऱ्या तारा, स्फोट, गाड्यांचे पाठलाग यांपैकी काहीही आमच्या आवाक्यात नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर आलेले बरे.

मी लिहिलेला पहिला खर्डा आजच वाचला गेला आणि तो साफ फसला आहे. त्यात नायिका पाच गुंडांना एकामागून एक लोळवते आणि शेवटी केस मोकळे सोडून दाराबाहेर निघून जाते. वाचन संपल्यावर संकलन सांभाळणाऱ्या मैत्रिणीने नायिकेच्या जागी पुरुष पात्र कल्पून तीच पाने पुन्हा वाचायला लावली. केसांचे वाक्य सोडले तर एकही ओळ बदलावी लागली नाही. पात्र स्त्री असल्याने काही अडत नाही हा पटकथेचा गुणच आहे, असा युक्तिवाद मी करून पाहिला. पण खरी अडचण वेगळीच निघाली. पुरुष पात्र घेऊनही ती पाने तितकीच कंटाळवाणी वाटत होती, कारण सात पानांत नायिकेला एकदाही काही ठरवावे लागत नव्हते. माणसे अंगावर येत होती आणि ती त्यांना मारत होती, एवढेच.

९ ऑगस्ट

दुसऱ्या खर्ड्यात नायिकेला आधी काम दिले. ती आता एका मोठ्या इमारतीत रात्रपाळी करणारी वीजतंत्री आहे. इमारतीची वायरिंग धोकादायक असल्याचा अहवाल तयार करणारी एक प्रौढ अभियंता चौथ्या मजल्यावर एकटी काम करते आहे आणि तो अहवाल हिसकावून घेण्यासाठी तीन माणसे आत शिरली आहेत. नायिका तळमजल्यावर आहे, तिला कोणी पाहिलेले नाही आणि बाहेरचे दार उघडे आहे. त्या दाराकडे एकदा पाहून ती जिन्याकडे वळते, तिथून आमची गोष्ट सुरू होते.

काम ठरल्याबरोबर मारामारीचे निम्मे प्रश्न सुटले. कोणत्या मजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) कोणता, कोणत्या दाराची कडी बाहेरून लागते, जिन्याच्या कोणत्या वळणावर डोके आपटते, हे तिला ठाऊक आहे आणि त्या तिघांना ठाऊक नाही. तेव्हा तिचे पहिले शस्त्र अंधार असेल आणि दुसरे शस्त्र पाठ झालेल्या पायऱ्या असतील.

कथेत दोन स्त्रिया आल्यामुळे कोणीतरी बेक्डेल कसोटीचा विषय काढला. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका व्यंगचित्रातून आलेली ही कसोटी चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि बोलण्याचा विषय पुरुषाखेरीज दुसरा काही असावा, इतकेच मागते. आमची पटकथा त्यात सहज बसते, पण पात्र किती सबळ आहे हे त्यावरून कळत नाही, आणि ते कळावे असा त्या कसोटीचा दावाही नाही. म्हणून मी आणखी एक मोजणी केली. नायिका जिथे जिथे स्वतः काही ठरवते, त्या ओळीखाली लाल रेघ मारली. पहिल्या खर्ड्यात एकही रेघ आली नव्हती, दुसऱ्यात अकरा आल्या आहेत. त्यांपैकी चार निर्णय चुकतात आणि ते चारही मुद्दाम ठेवले आहेत.

१३ ऑगस्ट

तिघांपैकी एकाकडे पिस्तूल असावे, ही सूचना फेटाळली. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली आणि २०२१ मध्ये छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स चित्रीकरणाच्या वेळी चाललेल्या बंदुकीमुळे दगावले. ती दोन्ही पूर्ण व्यावसायिक चित्रीकरणे होती, तिथे शस्त्रे सांभाळण्यासाठी माणसे नेमलेली होती. आमच्याकडे तसे कोणीही नाही. नकली पिस्तूल घेतले तरी लांबून पाहणाऱ्याला ते खरेच वाटते आणि त्यातून भलतेच संकट ओढवू शकते. शिवाय पिस्तूल आले की अंतर, धाप, जिना आणि अंधार या आमच्या चारही जमेच्या गोष्टींची किंमत उरत नाही. म्होरक्याच्या हातात आता मोठा पाना असेल. जवळून दाखवायला लोखंडी आणि मारामारीसाठी फोमचा रंगवलेला, असे त्याचे दोन नमुने कलादिग्दर्शक तयार करतो आहे.

२० ऑगस्ट

नायिकेच्या भूमिकेसाठी सात जणींना पाहिले आणि नृत्य शिकलेल्या एका विद्यार्थिनीची निवड केली. युद्धकला शिकलेली मुलगी सोडून नर्तकी का घेतली, असा प्रश्न गटात आला. याला दाखले आहेत. १९६६ च्या एका गाजलेल्या तलवारपटामुळे नावारूपाला आलेल्या अभिनेत्री चेंग पेई-पेई बॅले शिकलेल्या होत्या, अभिनेत्री मिशेल यो यांचे शिक्षणही बॅलेचेच, आणि १९३५ साली पडद्यावर चाबूक घेऊन आलेल्या फिअरलेस नाडिया यांनी त्याआधी सर्कशीत काम केले होते. पडद्यावरच्या मारामारीत मोजलेल्या मात्रांवर हालचाल पाठ करणे, समोरच्याच्या शरीराचा अंदाज ठेवणे आणि तीच हालचाल दहाव्यांदाही जशीच्या तशी करणे ही तीन कामे सतत करावी लागतात, आणि नर्तकीला ती सवयीची असतात.

एक दोष मात्र पहिल्याच दिवशी दिसला. प्रत्येक हालचालीच्या शेवटी ती क्षणभर सुंदर थांबते. पाऊल ताणलेले, मान डौलदार, हात पूर्ण उघडलेला. मारामारीत हा थांबा खोटा दिसतो. तिला तो घालवण्यासाठी पाठीवर वजनदार पिशवी देऊन जिने चढायला सांगितले आहे. दमलेल्या शरीराला डौल सांभाळता येत नाही, असा आमचा तर्क आहे.

२७ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार आहे, कारण आजच्या तालमीने माझी चित्रपटाबद्दलची समजूतच उलटी केली.

मारामारी शिकवायला आलेल्या बाईंनी पहिला तासभर कोणाला मूठही वळू दिली नाही. अंतर कसे ठेवायचे, नजर कशी मिळवायची आणि पडायचे कसे, एवढेच त्यांनी शिकवले. ठोसा आणि चेहरा यांच्यात कमीत कमी दीड वीत मोकळी जागा हवी, आणि नजरानजर होऊन समोरचा तयार असल्याची खूण मिळाल्याशिवाय हात उचलायचा नाही. पडताना हनुवटी छातीकडे दाबायची, तळहात टेकवून स्वतःला सावरायचे नाही, कारण मनगट तिथेच मोडते, आणि पोटरी, मांडी, नितंब, पाठ अशा मऊ भागांवरून वजन जमिनीवर उतरवत न्यायचे. गादीवर प्रत्येकाने हे वीस वेळा केले. तोवर निम्मा गट कंटाळला होता.

नंतर त्यांनी केस ओढण्याचा प्रसंग बसवला. पाहताना अंगावर काटा येतो, पण करताना मारणारा जवळपास काहीच करत नाही. तो नायिकेच्या डोक्यावर मिटलेली मूठ नुसती टेकवतो, मुठीत एकही केस नसतो. नायिका आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ धरून ती स्वतःच्याच डोक्यावर दाबून ठेवते आणि जिकडे ओढले गेल्यासारखे दिसायला हवे तिकडे स्वतः झेपावते. वेग, दिशा आणि थांबा हे सगळे तिच्या ताब्यात असते. गळा दाबण्याचेही तसेच आहे. मारणाऱ्याचे हात गळ्यावर नसतात, ते खाली गळपट्टीच्या हाडावर टेकलेले असतात. नायिका हनुवटी खाली घेऊन ते झाकते आणि मनगटे पकडून झटापट स्वतःच घडवते. ठोशातला जोरसुद्धा ठोसा मारणाऱ्याच्या हातात नसतो. मूठ चेहऱ्याच्या रेषेवरून सरकली त्या क्षणी मान किती वळली, खांदा किती गेला, पाय किती लडखडला, यावरून प्रेक्षक जोर ठरवतो.

बाईंनी हे सुरक्षिततेचा नियम म्हणून सांगितले. ज्याला इजा होऊ शकते त्याच्याच हातात हालचालीचा ताबा ठेवायचा, म्हणजे त्याला कधीही थांबता येते. मला मात्र त्यात पटकथेची चूक दिसू लागली. नायिकेचे बळ मी तिने मारलेल्या ठोशांत शोधत होते, आणि आमच्या पानांवर तिला लागलेल्या माराला दोन वाक्यांपेक्षा अधिक जागा नव्हती. ‘ती पडते. उठते.’ या दोन वाक्यांमध्ये तिने काय पाहिले, काय ताडले आणि उठून वेगळे काय केले, हे लिहायलाच हवे होते.

थांबण्याच्या खुणेबद्दल एक बारकावा. ‘नको’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द संवादांत आहेत, त्यामुळे कोणी खरोखर कळवळून ते उच्चारले तरी तो अभिनय समजला जाईल. म्हणून ‘लाल’ हा शब्द ठरवला आहे. तो अकरांपैकी कोणीही उच्चारला तरी सगळे जागच्या जागी थांबतील. बोलता येत नसेल तर समोरच्याच्या अंगावर दोनदा थाप मारायची.

३ सप्टेंबर

तिसरा खर्डा पूर्ण झाला. आता तीन मारामाऱ्या आहेत आणि त्या एका दुखापतीने जोडल्या आहेत. पहिल्या मारामारीत नायिका तळहातावर पडते आणि तिचे डावे मनगट दुखावते, म्हणजे बाईंनी जे करू नका म्हणून सांगितले तेच पात्र करते. दुसऱ्या मारामारीत ती डावा हात सवयीने वापरायला जाते आणि तो तिला दगा देतो. तिसऱ्या मारामारीपर्यंत हा हात निकामी झाला आहे हे म्होरक्यालाही कळलेले असते, त्यामुळे तो त्याच बाजूने येणार हे ती ओळखते आणि दार नेमके त्या बाजूला उघडते.

शरीराच्या आकाराचाही विचार करावा लागला. समोरचे तिघेही तिच्यापेक्षा उंच आणि वजनाने जास्त आहेत. सरळ ठोसा मारून तिने त्यांना आडवे करणे कोणालाही पटणार नाही, आणि न पटणारा विजय पात्राला कमकुवतच करतो. तिच्या वाट्याला कोपर, गुडघा, जिन्याचा कठडा, समोरच्याचा स्वतःचाच वेग आणि पायरीवरचा तोल एवढ्याच गोष्टी ठेवल्या आहेत. जिन्यात वर असणाऱ्याला उंचीचा फायदा मिळतो, पण खालच्याला वरच्याचे पाय सापडतात. दुसरी मारामारी सगळी या एका गोष्टीवर उभी आहे.

१० सप्टेंबर

आज रिकाम्या इमारतीत तिन्ही मारामाऱ्या मोबाइलवर चित्रित करून त्यांचा कच्चा आराखडा जोडला. कागदावरचा स्टोरीबोर्ड (शॉटमागून शॉट काढलेली चित्रे) आमच्याकडे होता, पण त्यात माणूस जिन्याच्या वळणावर मावतो की नाही हे कळत नव्हते. आराखडा ९ मिनिटे ४० सेकंदांचा झाला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, हा हिशेब मारामारीला लागू पडत नाही. ‘दोघे झटापट करत खाली येतात’ ही एक ओळ पन्नास सेकंद खाते.

दुपारी भिंगांची चाचणी घेतली. आमच्याकडे २४, ५० आणि ८५ मिमीची भिंगे आहेत. ठोसा बाजूने चित्रित केला की दीड वितीची फट उघडी पडते. मूठ, चेहरा आणि भिंग एका सरळ रेषेत आले, म्हणजे कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे गेला, की फट नाहीशी होते, आणि ८५ मिमीचे भिंग लावून लांबून टिपल्यास दोघे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. (ही किमया भिंगाची आहे असे आपण म्हणतो, वास्तविक ती कॅमेऱ्याच्या अंतराची असते. लांब उभे राहिल्याने अंतरे दबतात आणि मोठे भिंग फक्त तेवढा भाग मोठा करून देते.) जिन्यावरून धावण्यासाठी मात्र २४ मिमी घेतले. त्या भिंगातून कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा माणूस दोन पावलांत मोठा होतो, त्यामुळे त्याचा वेग आहे त्यापेक्षा अधिक भासतो.

शटरवर, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना प्रकाश किती वेळ आत घ्यायचा यावर, बराच वेळ गेला. आम्ही सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) घेणार आहोत, आणि नेहमीच्या पद्धतीने शटर १/५० सेकंद ठेवले की हात हलताना त्याची पुसट रेघ उमटते. डोळ्याला ही रेघ स्वाभाविक वाटते. १/१०० वर रेघ कमी होते आणि प्रत्येक चौकट कोरीव, थोडी कर्कश दिसते. पहिली मारामारी १/५० वर आणि मनगट दुखावल्यानंतरचे सगळे १/१०० वर घ्यायचे ठरले. दोन्ही आकडे निवडण्यामागे दिव्यांचेही कारण आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होत असतो, आणि शटर त्या तालाशी जुळले नाही तर जिन्यातल्या स्वस्त एलईडींखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

कॅमेरा झटकन फिरवला की दारांच्या चौकटी तिरक्या होतात, हेही आज दिसले, कारण आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीमागून ओळ वाचतो. असे झटके फक्त अंधारात वापरायचे.

१५ सप्टेंबर

वेशभूषा आणि सातत्य. कामाचा जाड सुती पोशाख, सपाट तळाचे बूट आणि घट्ट बांधलेले केस. केस सुटण्याचा प्रसंग आता पटकथेत नाही. पोशाखाचे तीन जोड केले आहेत, कारण धूळ, फाटलेली बाही आणि मनगटाला बांधलेली पट्टी मजल्यागणिक बदलत जाते आणि आम्ही चौथा मजला पहिल्याच दिवशी चित्रित करणार आहोत. कोपर आणि गुडघ्यांची पॅड मावावीत म्हणून तिन्ही जोड एक माप मोठे शिवले.

२१ सप्टेंबर, चित्रीकरणाचा पहिला दिवस

अठरा शॉट ठरले होते, तेरा झाले. चौथ्या मजल्यावरचा दोघींचा संवाद अपेक्षेपेक्षा चांगला झाला. अभियंता नायिकेला निघून जायला सांगते, तेव्हा ‘मेन माझ्याच हातात आहे’ हे वाक्य अभिनेत्रीने जवळजवळ तोंडातल्या तोंडात म्हटले. मी ते ठासून म्हणायला सांगणार होते, पण पडद्यावर पाहिल्यावर गप्प राहिले.

२२ सप्टेंबर, दुसरा दिवस

जिन्याच्या मारामारीत अपघात झाला. मोठा नव्हता, पण टळण्यासारखा होता. अकराव्या टेकला अभिनेत्रीचे कोपर समोरच्या मुलाच्या ओठावर लागले आणि रक्त आले. ‘लाल’ असा आवाज क्लॅप देणाऱ्या मुलाने सर्वात आधी दिला. मी तेव्हा मॉनिटरवर चौकट पाहत होते. प्रथमोपचार झाले, मुलगा ठीक आहे, त्याने पुढे काम करण्याची तयारीही दाखवली, तरी त्याला आज थांबवले.

कारण शोधताना असे दिसले की चूक कोपराच्या अंतराची नव्हती. सातव्या टेकपासून दोघेही दमले होते, आणि दमलेला माणूस नजर मिळवण्याची पायरी गाळतो. मी टेक घेतच राहिले, कारण प्रत्येक वेळी काहीतरी थोडे कमी पडत होते. आता नियम केला आहे : मारामारीचे सलग पाच टेक झाले की दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती, आणि ती संपल्यावर पुन्हा निम्म्या वेगाने एक तालीम. दिग्दर्शकाला हा नियम मोडण्याचा अधिकार नाही, हे मी स्वतः लिहून त्याखाली सही केली आहे. शिवाय पूर्ण वेगाने कोणताही टेक घ्यायचा नाही. तीन चतुर्थांश वेग पुरेसा आहे. गरज पडली तर काही शॉट सेकंदाला २३ चौकटींनी घेऊन २५ ने दाखवता येतील. त्याने वेग सुमारे ९ टक्के वाढतो आणि चटकन लक्षात येत नाही, मात्र मोकळे केस किंवा सैल कपडा चौकटीत असेल तर लगेच उघडा पडतो. घट्ट बांधलेले केस इथेही कामी आले.

जिन्यावरून गडगडत पडणे आम्ही कोणालाही करू दिले नाही. वरच्या पायरीवर तोल जातो, तो पहिला शॉट. खालच्या वळणावर चौकटीच्या कडेने शरीर गादीवर येते, तो दुसरा. आणि पायरीवर निपचित पडलेला हात, तो तिसरा. मधले सगळे आवाजाने भरून काढायचे आहे.

२३ सप्टेंबर, तिसरा दिवस

कालचे चित्रण सकाळी पाहताना अभिनेत्रीने विचारले, ‘या पाच शॉटमधून प्रेक्षकाला माझ्याबद्दल काय कळते?’ पाचही शॉटमध्ये कॅमेरा तिच्या मागून, कमरेच्या उंचीवर, पायऱ्या चढताना तिच्यामागे जात होता. हे मुद्दाम कोणी केलेले नव्हते. अरुंद जिन्यात कॅमेरा धरायला तीच जागा सोयीची होती, असे छायाचित्रणकार म्हणाला आणि ते खरेही आहे. तरी सोयीची जागा प्रत्येक वेळी तीच का ठरते, हा प्रश्न उरतोच. स्त्रीला पाहणारा कॅमेरा बहुतेक वेळा पुरुषाच्या नजरेने पाहतो, असे चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये मांडले होते. वर्गात त्यावर मी टिपण लिहिले आहे, चांगले गुणही मिळवले आहेत, आणि तरी त्या पाच शॉटना ‘ओके’ मीच म्हटले होते.

पाचही शॉट पुन्हा घेतले. कॅमेरा वरच्या वळणावर नेला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. आता ती चढताना काय ऐकते आहे, कुठे पाहते आहे आणि कोणत्या पायरीला थबकते आहे, ते दिसते. यात अर्धा दिवस गेला आणि म्होरक्याच्या प्रवेशाचे दोन शॉट सोडून द्यावे लागले. त्यांच्यावाचून फारसे अडेल असे वाटत नाही.

२४ सप्टेंबर, चौथा दिवस

अंधाराचा दिवस. खिडक्यांना काळा कपडा लावला आणि वीज गेल्यानंतरचे सगळे प्रसंग घेतले. नुसते दिवे कमी केले तर चित्र अंधारलेले न दिसता चुकलेले दिसते, हे आम्ही चाचणीत शिकलो होतो. म्हणून प्रत्येक चौकटीत एक तरी ठिकाण लख्ख ठेवले : बॅटरीचा झोत, दाराखालची फट, एमसीबीच्या पेटीवरचा बारीक दिवा. त्या एका ठिकाणामुळे बाकीचा काळोख खरा वाटतो. नायिकेच्या खांद्यावर मागून प्रकाशाची बारीकशी कड दिली आणि तिघांना ती दिली नाही, त्यामुळे गोंधळातही ती कोणती हे कळते. एमसीबीची पेटी आमच्या कलादिग्दर्शकाने बनवलेली आहे, तिच्यात वीज नाही, आणि इमारतीच्या खऱ्या पेटीला कोणी हात लावू नये म्हणून तिच्यासमोर दिवसभर एक जण बसून होता.

शेवटी सर्वांना तीस सेकंद शांत उभे करून इमारतीचा रिकामा आवाज नोंदवला.

४ ऑक्टोबर

पहिले संकलन १२ मिनिटांचे झाले आहे आणि ते थकवते. माझी सवय अशी की प्रत्येक प्रहार आघाताच्या चौकटीपर्यंत दाखवायचा, मग प्रतिक्रिया. संकलक मैत्रिणीने हे उलटवले. मूठ निघते आणि ती पोहोचण्याआधी तीन चौकटी कट येतो. पुढच्या शॉटमध्ये मार खाणाऱ्याचा चेहरा वळायला लागलेला असतो. आघात कुठेच दिसत नाही, तरी पाहणारा डोळे मिटतो. एका ठिकाणी तिने नेमके विरुद्ध केले. दार आपटण्याच्या दोन चौकटी दोन्ही कोनांतून दोनदा दाखवल्या. २५ च्या वेगाने हा जेमतेम ८० मिलिसेकंदांचा पुनरुच्चार आहे. तो दिसत नाही, फक्त दार अधिक जड वाटते.

दुसरी मारामारी तरीही कळत नव्हती. अंधारात कट आला की नजर नवी जागा शोधत राहते आणि ती सापडेपर्यंत शॉट संपतो. २०१५ चा ‘मॅड मॅक्स : फ्यूरी रोड’ हा चित्रपट आम्ही केवळ याच गोष्टीसाठी पुन्हा पाहिला. त्यात महत्त्वाची हालचाल सातत्याने चौकटीच्या मध्यावर ठेवलेली आहे, त्यामुळे इतक्या वेगवान कटांतही डोळ्याला धावपळ करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले. आमच्याकडे मध्यावर धरून चित्रण करण्याची शिस्त नव्हती, पण चित्र थोडे मोठे करून प्रत्येक शॉटमधली नायिका मध्याकडे सरकवता आली. चित्राचा तलमपणा किंचित कमी झाला. मारामारी मात्र कळू लागली.

१३ ऑक्टोबर

आवाज. आघाताचा प्रत्येक आवाज तीन थरांचा केला आहे : कपड्याची सळसळ, आघात आणि श्वास. आघातासाठी गुंडाळलेल्या चिंध्यांवर चामड्याचा हातमोजा आपटला, जिन्यावरच्या पडण्यासाठी जुने चामडी जाकीट आणि लाकडी फळी वापरली. हे सोपे होते. श्वास कठीण निघाला. अभिनेत्रीने खुर्चीत बसून दिलेले श्वास नाटकी वाटत होते, म्हणून तिला चार मजले धावत चढायला लावून लगेच माइकसमोर उभे केले. किंचाळी कुठेच ठेवलेली नाही. मनगट दुखावते तेव्हा फक्त नाकातून आत ओढलेला एक श्वास आहे आणि त्यानंतर पाऊण सेकंद पूर्ण शांतता.

२० ऑक्टोबर

वर्गातल्या, पटकथा न वाचलेल्या नऊ जणांना चित्रपट आवाज बंद करून दाखवला आणि एकच प्रश्न विचारला : नायिकेने कुठे कुठे काय ठरवले, ते सांगा. अकरांपैकी आठ निर्णय बहुतेकांना सांगता आले. उरलेल्या तीनपैकी दोन सोडून दिले. तिसरा सोडण्यासारखा नव्हता. पहिल्या मारामारीत खाली पडल्यावर ती उठण्याआधी एमसीबीच्या पेटीकडे पाहते, आणि तिथेच तिच्या डोक्यात अंधाराची कल्पना येते. कोणालाही ते दिसले नव्हते, कारण आमच्या कटमध्ये ती जमिनीवर १४ चौकटी होती, आणि त्यानंतर लगेच तिची उंच, फिरती लाथ होती. सगळ्या गटाची ती आवडती लाथ आहे. पाचव्या टेकला साधली होती, आणि ती साधल्यावर सेटवर टाळ्या पडल्या होत्या.

लाथ काढली. तिच्या जागेत नायिका अडीच सेकंद जमिनीवर राहते, श्वास घेते, पेटी पाहते आणि मग सरपटत पेटीच्या दिशेने निघते. अभिनेत्रीला हे आधी फोन करून कळवले. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की लाथेचा शॉट तिला स्वतःसाठी हवा आहे. तो तिला दिला आहे.

२७ ऑक्टोबर

अंतिम प्रत ८ मिनिटे ४२ सेकंदांची झाली, त्यापुढे श्रेयनामावली. तिच्या क्रमावरून थोडी चर्चा झाली. मार खाणारे तिघे नेहमीप्रमाणे शेवटी, ‘इतर’मध्ये टाकले होते. ओठावर कोपर लागलेला मुलगा त्यांपैकीच एक. चारही दिवस प्रत्येक ठोशाचा जोर त्या तिघांनी आपल्या मानेने आणि पाठीने दाखवला, आणि नायिका त्या जोरावरच उभी आहे. त्यांची नावे आता नायिकेच्या नावाखाली लगेच, त्याच आकाराच्या अक्षरांत येतात, आणि त्यांच्यानंतर मारामारी शिकवणाऱ्या बाईंचे नाव आहे.